मत नको, रंग सांगा

आमच्या इंदापूरच्या गल्लीत साखर कारखान्याच्या लॅबमधले एक केमिस्ट राहायचे. खिशात कायम पीएचच्या कागदाची गुंडाळी, म्हणजे आंबट-अल्कधर्मी पाहून रंग बदलणारा कागद. उसाचा रस तपासता तपासता त्यांना नादच लागला होता. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा आला की आधी कागद बुडवायचे, मग घोट घ्यायचे. कुणी कशावरही बोलू लागलं की म्हणायचे, “मत नको, रंग सांगा.”

एका वर्षी त्यांनी गच्चीवर, मातीशिवाय, टबातल्या खताच्या पाण्यावर टोमॅटो लावले आणि पानं पिवळी पडली. शेजारचे आबा म्हणाले, “पाण्यात कुठं झाड जगतंय व्हय? टब माझ्या म्हशीला द्या.” मी म्हणालो, खत वाढवा.

“ताट वाढलेलंच हाय,” केमिस्ट म्हणाले, “तोंड उघडंना झालंय.” आमच्या बोअरच्या पाण्याचा पीएच चढा, त्यामुळं खत असूनही मुळांना ते उचलता येत नव्हतं. रोज सकाळी ते थेंबाथेंबानं आम्ल घालायचे, ढवळायचे, कागद उजेडात धरून रंग ताडून बघायचे. दुसऱ्या दिवशी पीएच पुन्हा चढलेला असायचा. ते पुन्हा उतरवायचे, शीळ घालत.

पिवळी पानं पिवळीच राहिली. पण शेंड्याला नवं पान आलं ते हिरवंगार. मग फुलं आली, फळं धरली.

तोडणीला सगळी गल्ली गच्चीवर जमली. आबा घसा खाकरून काही बोलणार, तेवढ्यात केमिस्टांनी एक टोमॅटो त्यांच्या तळहातावर ठेवला.

“मत नको आबा. रंग सांगा.”

आबांनी तो उलटापालटा करून पाहिला. “लाल हाय,” ते पुटपुटले. मग कठड्याशी जाऊन पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, “लालभडक हाय!”