फोर्स मागितला, फोर्स आला

आधी हवा येते. नळाच्या घशात काही अडकल्यासारखी घरघर, मग करंगळीहून बारीक धार, हंड्याच्या तळाशी हळूच वाजणारी. पाथर्डीकडच्या आमच्या वस्तीत, शेवटच्या गल्लीत, या दृश्याला दोनच शब्द आहेत : "फोर्स न्हाई."

या परक्या शब्दाने आपल्या अंगणात किती बिऱ्हाडं मांडली आहेत! तिसरी भाकरी नाकारणारा पाहुणा म्हणतो, फोर्स करू नका. मोर्चा वाढला की कुणीतरी कुजबुजतं, फोर्स मागवलाय. पाण्याचा वेग, यजमानाचा आग्रह आणि सरकारची काठी, सगळं एकाच शब्दात! बळ, जोर, नेट, रेटा हे आपले शब्द असताना? पण कोरड्या नळापुढे बसलेल्या बाईला भाषाशुद्धी शिकवायचा अधिकार मला कुणी दिला?

म्हणून तहसील कचेरीला अर्ज मी तिच्याच शब्दात लिहिला : "शेवटच्या गल्लीस तातडीने फोर्स मिळावा, अन्यथा उपोषण." पहिली सही कांतामावशीची, पाइपलाइनच्या अगदी टोकाला तिचंच घर.

तिसऱ्या दिवशी फोर्स आला. जीपमधून, काठ्यांसकट. 'पाण्याचा' हा शब्दच मी लिहायला विसरलो होतो. चूक माझी, कबूल. पण ज्या कारकुनी डोळ्यांना अर्जात तहान दिसली नाही, फक्त बंदोबस्त दिसला, त्यांचं काय करायचं?

कांतामावशीने जीपभोवती एक चक्कर मारली. "येवढा फोर्स आनला, दादा, हंडा तरी भरंल का ह्याच्यानं?" हवालदारालाही हसू फुटलं.

जीपसोबत आलेले ग्रामपंचायतीचे ग्रामसेवक भाऊसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी तयार कागद मावशीपुढे केला : अर्ज मी कोणाच्याही फोर्सशिवाय, स्वखुशीने मागे घेत आहे. एक सही, की गल्लीची तक्रार संपली, नळ तसाच.

मावशीने तो मजकूर माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग कागदाची घडी करून तो भाऊसाहेबांच्या हातात ठेवला.

"फोर्सबिगर म्हंता नव्हं? मंग न्हाई जमायचं, भाऊसाहेब. आदी नळाला फोर्स, मंग सही."

जीप आली तशी गेली. बळ म्हणजे काय, हे मी आजवर चळवळीच्या कितीतरी पत्रकांत ठासून लिहिलं आहे. सही न करणं मात्र त्यात कुठेच नव्हतं.