अण्णांचा उजवा पाय

चार शहाणी माणसं एकत्र येऊन एखादं काम बिघडवायला लागली, की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठतात. आम्ही तर सत्तरच्या दशकात नागपुरात विमान बांधत होतो!

महाल भागातल्या लाकडाच्या आरामशीनचे मालक अण्णा हे आमचे पुढारीही आणि पायलटही. विमान झालं झकास. फक्त इंजिनाला जोर दिला, की ते डावीकडे पळायचं. अशी विमानं पळतातच. उजव्या पायाचं पॅडल दाबलं, की शेपटीचं सुकाणू फिरतं आणि विमान सरळ धावतं. एवढंच! पण अण्णांना कोण सांगणार?

*

पहिली दौड बेसा गावापुढच्या माळावर. विमान डावीकडे वळलं ते थेट एका बैलगाडीसमोर जाऊन थांबलं. गाडीवाल्यानं शांतपणे विचारलं, "काहून जी, डावा बैल उपाशी हाय काय?"

*

आमच्यातले देशमुख सर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. विमान डावीकडे का ओढतं, हे त्यांनी रामदासपेठेतल्या घरी फळा लावून तासभर समजावलं.

मी म्हटलं, "सर, मग करायचं काय?"

खडू झटकत सर म्हणाले, "ते सिलॅबसमध्ये नाही!"

*

मग खुद्द अण्णांची युक्ती. "सुरुवातीलेच तोंड उजवीकडं करून ठेवू. ओढत ओढत मधात येते!"

त्या दिवशी भीतीपोटी त्यांनी इंजिनाला जोरच दिला नाही. विमान जन्मात पहिल्यांदा नाकासमोर गेलं आणि उजवीकडे उभ्या केलेल्या माझ्या नव्या स्कूटरवर चढलं. अण्णा उतरून म्हणाले, "पाहा, सरळ गेलं का नाही?"

*

शेवटी मी फ्लाइंग क्लबातल्या अण्णांच्या मास्तरांना गाठलं. "यांना पास केलंत कसं?"

मास्तर ओशाळले. "शेजारी मीच बसायचो ना! पॅडल मी दाबायचो. मोठा माणूस, सांगायचं कसं?"

मोठ्या माणसांचं सगळीकडे असंच चालतं म्हणा!

*

मग दिल्लीहून सरकारी इन्स्पेक्टर आला. त्याच्यासमोर विमान सरळ धावून उडालं तर परवानगी, नाहीतर कायमचं कुलूप. आमची वर्षंच्या वर्षं त्यात गेली होती.

त्याच आठवड्यात खंडेनवमी झाली होती. अण्णांनी विमानाची यथासांग पूजा केली होती. पंख्याला झेंडूचा हार, इंजिनाला हळदकुंकू, पॅडललासुद्धा!

"अण्णा, काही झालं तरी उजवा पाय दाबा," आम्ही हात जोडले.

"दाबतो ना गा!"

आणि खरंच दाबला! विमान सरळ धावू लागलं. देशमुख सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेपटी उचलली, चाकं आता जमीन सोडणार, आणि अण्णांचं डोकं दिसेनासं झालं!

इन्स्पेक्टर ओरडला, "पायलट किधर गया?"

विमान डावीकडे वळलं आणि शेजारच्या तुरीत घुसलं.

आम्ही धावत गेलो. अण्णा सुखरूप. बोटांना कुंकू, कपाळाला कुंकू.

"ऐन वेळी खाली वाकून काय शोधत होतात?" मी खेकसलो.

अण्णा माझ्याकडेच आश्चर्यानं पाहू लागले. "असं काहून विचारून राहिला गा? पाय लागला ना त्याले!"