उघडी बाजू

मेस्त्रींचा एक हट्ट होता. गाडीत स्पार्क प्लग बसवायचा तो त्याची दिशा बघूनच. प्लगच्या टोकाला वाकडा आकडा असतो. त्याची उघडी बाजू पेट्रोल आत येतं तिकडे वळली की इंजिन जोरात पळतं, असं त्यांनी तरुणपणी कुठेतरी ऐकलं होतं. प्लग आत गेला की टोक दिसत नाही. म्हणून उघड्या बाजूच्या रेषेत वरच्या पांढऱ्या भागावर पेनाने रेघ ओढायची आणि रेघ हवी तिकडे थांबेपर्यंत खाली तांब्याच्या पातळ चकत्या बदलत बसायचं. इतर गॅरेजवाले दहा मिनिटांत मोकळे होत. आपले मेस्त्री तासभर. लोक म्हणत, "प्लगला वाट दाखवतो आणि स्वतः घरची वाट विसरतो!"

रेघ ओढायचं काम बायकोचं. त्यांचं पहिलं मूल तीन दिवसांचं होऊन गेलं, तेव्हा ती दिवसभर भिंतीकडे बघत बसे. मेस्त्रींना समजूत घालता येत नसे. त्यांनी तिला गॅरेजात आणलं आणि हातात पेन दिलं. तिने रेघा ओढलेली पहिली गाडी टॅक्सीवाल्याची. तो दुसऱ्या दिवशी मुद्दाम परत आला. "वहिनी, काय हात आहे तुमचा! गाडी नुसती पळतेय." ती हसली. चार महिन्यांत पहिल्यांदाच.

त्याला एकतीस वर्षं झाली. नंतर झालेली लेक आता कॉलेजात इंजिनंच शिकवते. परवा सुट्टीत आली आणि ट्रेमधला एक प्लग उचलून बघू लागली. आई पाणी आणायला आत गेली होती.

"बाबा, रेघ उलटी आहे. उघड्या बाजूला नाही, आकड्याच्या पाठीकडे. सगळ्याच उलट्या!"

"हळू बोल."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. एकदा एकाच गाडीत दोन्हीकडून बसवून त्याच चढावर पळवून पाहिली. तसूभर फरक नाही."

"मग एवढा खटाटोप कशाला?"

मेस्त्री चकत्या चाळत राहिले. "तेव्हा ती हसली होती गं," ते म्हणाले. "आता तिला सांगू नकोस."

 लेक बापाला ठाऊक होती. खोटं बोलणं तिला लहानपणापासून जमत नसे. फुटलेली बरणीही स्वतःहून आणून दाखवायची. मेस्त्रींनी चकत्या बाजूला ठेवून पाना उचलला.

आई तांब्या घेऊन आली आणि स्टुलावर बसली. "माझ्या रेघा बघतेस वाटतं? तू शिकलेली. बरोबर आहेत ना गं?"

मेस्त्रींचा पाना हातातच थांबला.

लेकीने प्लग अलगद ट्रेमध्ये ठेवला. "आई, एकतीस वर्षांत बाबांनी तुझी एकही रेघ पुसलेली नाही."

"पुसतील कशाला?" आई म्हणाली आणि तिने पुढचा प्लग उचलला.