कापसातला वटवट्या

बोरगाव मेघेत आमच्या शेजारी राहणारे एक कारकून लग्नालासुद्धा मातकट शर्टच घालून जातात. पाखरं बुजत नाहीत, म्हणे. दोन हिवाळे ते दर रविवारी आमच्या गावाला, रोहण्याला, कापसाच्या वावरात येत होते. चोच उघडून गाणारा वटवट्या त्यांना फोटोत हवा होता. चिमणीहून लहान पाखरू ते. माणूस थांबला की उडायचंच.

"वेचणाऱ्या बायांले पाहून थे नाई उडत," एकदा ते म्हणाले. पुढच्या रविवारी कमरेला वेचणीच्या फडक्याची ओटी बांधून, तिच्यात कॅमेरा ठेवून, ते माझ्या आईच्या आणि बायांच्या बरोबरीने कापूस वेचायला लागले.

"काहो साहेब, नोकरी सुटली काजी?" बाया हसल्या. घरातला पहिला बी.ए. मी, त्यांना असं वाकलेलं पाहून मलाच अवघडल्यासारखं झालं.

ते मात्र दुपारपर्यंत वेचत राहिले. मग हातभर अंतरावरच्या कपाशीच्या पऱ्हाटीवर वटवट्या बसला आणि गळा फुगवून गाऊ लागला. त्यांनी कापसातून सावकाश कॅमेरा काढला.

फोटो पाहायला सगळ्या बाया जमल्या. कारकुनांनी कॅमेरा सरळ माझ्या आईच्या हातात दिला.

"अवं माय!" ती ओरडली. "जलमभर याचा आवाज आयकून राह्यली, तोंड आज पाह्यलं!"