नऊ साहेबांची यादी

भद्रावतीच्या मुखरूला पंचक्रोशीत 'जपानी' म्हणत. पलटणीत असताना तो सिंगापुरात जपान्यांच्या हाती सापडला, साडेतीन वर्षं कैदेत ओझी वाहिली आणि मार खात खात त्यांची भाषा शिकला. लिहिणं-वाचणं मात्र आलं नाही. गावी परतल्यावर बायको रंभा म्हणायची, "लोकं लढाईतून घड्याळं आनते, तुमी बोली आनली. तिले का चुलीवर शिजवू?"

१९५७ साली त्या बोलीला गिऱ्हाईक आलं. सूरजागडचा लोखंडाचा डोंगर पाहायला ओकादा नावाचे जपानी इंजिनियर चांद्याला उतरले. डोंगराचा जुना इंग्रजी अहवाल त्यांना समजून घ्यायचा होता, आणि त्यात हुकूम सोडणाऱ्यांचे हुद्देच नऊ. कचेरीतले बाबू गुणवंतराव म्हणाले, "मुखरू, संध्याकाळपावेतो नऊचे नऊ हुद्दे जपानीत सांग. जमलं तं साहेबासोबत जंगलात दुभाषा तूच. नाई तं कलकत्त्याचा माणूस बोलावतो."

गुणवंतराव एकेक हुद्दा वाचू लागले, पण पहिल्या दोनांतच गाडं अडलं. व्हाइसरॉयला मुखरूनं सांगितलं 'सोतोकु'. खाली गव्हर्नर जनरल होता. त्यालाही 'सोतोकु'च.

"दोन माणसं?" ओकादांनी जपानीत विचारलं. मुखरूनं तेच गुणवंतरावांना विचारलं.

"एकच माणूस रे. हुद्दे दोन."

"काऊन?"

"मले काऊन पुसतं? मी ठेवले का?"

पुढे गव्हर्नर, चीफ कमिशनर, कमिशनर, डेप्युटी कमिशनर. यातला कोण कोणाच्या वर? गावाला सगळेच साहेब, आणि सगळ्यांपुढे वाकायचंच. मुखरूचं डोकं भणभणलं. इतक्या वर्षांनी कामाला आलेली बोली पुन्हा फुकट जाणार, अशी भीती त्याला वाटली.

आणि मग त्याला बाप आठवला. नथ्थू जन्मभर साहेबांच्या दौऱ्यात बेगारी होता. डोक्यावर सामान, हातावर काही नाही. मुखरू ओकादांना जपानीत धडाधड सांगत सुटला. तहसीलदार आला की सहा डोकी लागत. डेप्युटी कमिशनरला वीस. कमिशनरला चाळीस, शिवाय मडमेचा आंघोळीचा टब एकट्या नथ्थूच्या डोक्यावर. गव्हर्नरला शंभर, वर हत्ती. व्हाइसरॉय शिकारीला येणार म्हणून दोनशे माणसांनी महिनाभर जंगल तोडून रस्ता केला. तो आलाच नाही.

ओकादा हसले आणि भराभर उतरंड लावत लिहीत गेले. मग थांबून म्हणाले, "आणि ओझं वाहणारा? त्याचा हुद्दा काय?"

हा शब्द मुखरूला शोधावा लागला नाही. साडेतीन वर्षं कैदेत त्याला त्याच नावानं हाका मारल्या होत्या. "निंपू," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. ओकादांनी मान खाली घातली आणि तळाशी एक ओळ लिहिली.

संध्याकाळी गुणवंतरावांनी कागद घेतला. जपानी त्यांना वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं.

"हुद्दे नऊ अन् ओळी दहा? जास्तीची कोनती ते दाखव, खोडतो. नाई तं कलकत्त्याले तार करतो."

मुखरू गोंधळून कागदाकडे बघत राहिला. सगळी अक्षरं त्याला मुंग्यांच्या रांगेसारखी. तळची ओळ मात्र त्याला ठाऊक होती. तिथे बाप होता. त्यानं ओकादांकडे पाहिलं.

मुखरूनं सगळ्यात वरच्या ओळीवर बोट टेकवलं.

"हे जास्तीची हाय, बाबूजी. हा तं कधी आलाच नाई."

गुणवंतरावांनी लाल शाईनं व्हाइसरॉयला खोडलं, ओळी पुन्हा मोजल्या, नऊ भरल्या आणि सूरजागडला जाणाऱ्या जीपच्या यादीत मुखरूचं नाव लिहिलं.