संघासाठी एक दादा

जर्मनीत, हॅनोव्हरच्या आइस रिंकवर स्केट्स दुरुस्त करणारा एक म्हातारा होता. पुढचे चार दात गायब, तरी हसायचा तोंडभरून. तरुणपणी तो आइस हॉकीच्या संघात निव्वळ मारामारीसाठी असायचा, असं ऐकून होतो. माझी बारा वर्षांची लेक दर सामन्यात आपटत होती, आणि आम्ही पालक संघासाठी तसाच एखादा धटिंगण शोधत होतो. म्हणून सल्ला घ्यायला गेलो. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून तिचे स्केट्स नेले.

"तुमच्या भाषेत अशा माणसाला काय म्हणतात?" त्याने विचारलं.

"दादा. म्हणजे गुंड. थोरल्या भावालाही दादाच म्हणतात."

"गेनाऊ, अगदी बरोबर. मीही स्वतःला सगळ्यांचा थोरला भाऊच समजायचो. दोन दात समोरच्यांनी पाडले, दोन आमच्याच गोलकीपरने. माझ्या मारामारीत त्याला गोलकडे येणारी खेळाची चकती दिसायची नाही."

मग त्याने लेकीच्या स्केटचं पातं अंगठ्याच्या नखावर ओढलं. नखावर ओरखडासुद्धा उठला नाही.

"हिला कुणी पाडत नाही," तो म्हणाला. "ही घसरते. शेवटची धार कधी लावली होती?"

दादा शोधण्यात मी चार महिने घालवले होते. स्केट्सना धार लावतात, हेच मला माहीत नव्हतं.