फीत कापण्याआधी

त्यागाशिवाय कोणतीही व्यवस्था टिकत नाही. नेटवर्कच्या स्विचबाबत, म्हणजे सगळ्या वायरी जिथे जोडलेल्या असतात त्या पेटीबाबत, तरी हे खरं आहे. त्याग कोणाचा, हे मात्र त्या दिवशी मला ठरवायचं होतं.

मी आमच्या ग्रामीण रुग्णालयाचं नेटवर्क सांभाळतो. हॉलमध्ये नव्या सेवेचं उद्घाटन होतं. इथे ईसीजी काढायचा, अकोल्याच्या हृदयाच्या डॉक्टरांना पाठवायचा आणि ते म्हणाले की लगेच रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं. भाषणं रंगात असतानाच मेडशीचा एक शेतकरी छाती धरून आला. ईसीजी निघाला, पण जाईना. हॉलमधला प्रत्येक कार्यकर्ता आपल्या मोबाईलवरून उद्घाटनाला आलेल्या साहेबांचं भाषण लाईव्ह दाखवत होता, आमच्याच वायफायवर.

"काहून अडकलं भाऊ?" शेतकऱ्याची बायको दारात येऊन म्हणाली. "थे भाषन तं बरं जाऊन राह्यलं!"

वायफाय बंद करायला वरिष्ठांनी हात जोडून मनाई केली. लाईव्हमध्ये साहेब मधेच तुटले असते.

स्विचमधली रांग भरली की मागून येणारं पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, गळतं, मग ते भाषणाचं असो की हृदयाचं. उपाय होता: रांग भरण्याआधीच हॉलची थोडी पॅकेटं टाकून द्यायची. मग मोबाईल आपणहून सावकाश पाठवतात. सोयाबीनच्या दिवसांत बाजार समितीचा चौकीदार आवार भरायच्या आत काही ट्रॅक्टर परतवून लावतो. ते गावी फोन करतात आणि मागचे निघतच नाहीत, तसं.

पण हॉलची वायर कोणती? उद्घाटनासाठी पेटी रंगवताना रंगाऱ्यांनी वायरींवरच्या माझ्या चिठ्ठ्या वाईट दिसतात म्हणून काढून टाकल्या होत्या. चुकलो असतो, तर त्या माणसाचा ईसीजी मीच गाळला असता.

"सिस्टर, मशीनची वायर काढा!" मी ओरडलो.

"आता? अर्धा गेला असन तं?"

"काढा!"

पेटीतला एक दिवा विझला, म्हणजे ईसीजीची वायर तीच. वायर परत लावायला सांगून मी तेवढी सोडली आणि बाकी सगळ्यांवर पॅकेटं गाळायची सेटिंग चढवली. शेतकऱ्याची बायको माझ्याकडे बघत होती, मी दिव्यांकडे.

सिस्टरचा फोन वाजला.

"अकोल्याचे डॉक्टर इंजेक्शन द्या म्हन्ते!"

सिस्टरने लगेच इंजेक्शन दिलं. कळ ओसरल्यावर शेतकऱ्याने चहा मागितला. त्याच सुमारास साहेबांनी फीत कापली आणि आजपासून ही सेवा सुरू झाल्याचं जाहीर केलं.